सरासरीआड दडलेले घर



एखादे सरकार अनुदान घटवते, आयातीवर बंदी घालते किंवा करांची फेररचना करते, तेव्हा चर्चा रंगते ती देशाच्या तिजोरीची. त्या निर्णयाने गरिबाच्या घरात काय घडले, हा प्रश्न मागाहून येतो; आणि ‘गरिबांचे भले झाले’ किंवा ‘गरीब भरडले गेले’ अशा एका वाक्यात त्याची बोळवण होते. इंडोनेशियाचा अनुभव या घाईच्या निर्णयापासून आपल्याला सावध करणारा आहे.

१ ऑक्टोबर २००५ रोजी तेथील सरकारने इंधनाचे दर एकाएकी वाढवले. पेट्रोल लिटरमागे २,४०० रुपियांवरून ४,५०० रुपियांवर गेले आणि गरिबांच्या स्वयंपाकाचे रॉकेल ७०० वरून २,००० रुपियांवर, म्हणजे जवळजवळ तिपटीवर पोहोचले. जगाच्या बाजारात तेल महागले होते व अनुदानाचा भार अंदाजपत्रकाला पेलवेनासा झाला होता. शिवाय जो अधिक इंधन जाळतो त्यालाच अनुदानाचा अधिक वाटा मिळत असे. दरवाढीची झळ कमी व्हावी म्हणून सुमारे १ कोटी ९० लाख कुटुंबांना महिना १ लाख रुपिये या हिशेबाने दर तिमाहीस रोख साहाय्य देण्यात आले.

पुढे आकडे प्रसिद्ध झाले. फेब्रुवारी २००५ मध्ये दारिद्र्यरेषेखाली १५.९७ टक्के लोक होते. मार्च २००६ मध्ये ते प्रमाण १७.७५ टक्के झाले. सुमारे ४० लाख माणसे नव्याने दारिद्र्यात लोटली गेली. इंधनवाढीनेच हे केले, असे कोणीही म्हटले असते. परंतु जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी घरगुती खर्चाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दुसरेच कारण ठळकपणे पुढे आले. त्याच काळात तांदूळ सुमारे ३३ टक्क्यांनी महागला होता. शेतकऱ्याला चांगला भाव मिळावा या सद्हेतूने २००४ पासून तांदळाच्या आयातीवर बंदी होती. पण त्या देशातील सुमारे तीन चतुर्थांश गरीब तेव्हा जितका तांदूळ विकत त्याहून अधिक विकत घेत असत. इंधनाचा फटका रोख साहाय्याने बऱ्याच अंशी भरून निघाला. गरिबाच्या हितासाठी म्हणून टिकवलेल्या बंदीने मात्र गरिबाचेच ताट हलके केले.

असा तपास कसा करावा, याची सोपी रीत अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी थायलंडमधील तांदळाच्या अभ्यासातून १९८९ साली दाखवून दिली. पुढे २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक घर ती वस्तू किती विकते आणि किती विकत घेते, हे प्रथम पाहावे. विक्री अधिक असेल तर भाववाढ त्या घराला लाभाची, खरेदी अधिक असेल तर तोट्याची. जमाखर्च लिहिणाऱ्यास यात नवे काही वाटणार नाही. एकाच गावात, एकाच भाववाढीने, चार एकर धान पिकवणारा सुखावतो आणि त्याच्याच बांधावर राबणारा भूमिहीन मजूर चिंतेत पडतो. दोघांची सरासरी काढली, तर दोघांचेही सत्य हरवते.

हिशेब एवढ्यावर संपत नाही. पिकाला भाव मिळाल्यावर मजुरी वाढली का, वाढली तर किती महिन्यांनी, तोवर त्या घराने कोणता खर्च तोडला, हेही पाहावे लागते. साहाय्य योग्य दारी पोहोचले का, हा प्रश्न तर अटळच आहे. इंडोनेशियात काही गरीब कुटुंबे यादीतून सुटली आणि काही सुस्थितीतील कुटुंबे तिच्यात शिरली.

आपल्या परंपरेने अनेकांताची दृष्टी दिली आहे. वस्तूला अनेक धर्म असतात व कोणतेही विधान एका अपेक्षेनेच खरे असते, हे आपण स्वाध्यायात शिकतो. ‘भाववाढ वाईट’ आणि ‘भाववाढ चांगली’ ही दोन्ही विधाने कोणत्या घराच्या अपेक्षेने केली आहेत, हे सांगितल्यावाचून अपुरीच राहतात. मात्र अनेकांत म्हणजे निर्णय टाळणे नव्हे. प्रत्येक अपेक्षा तपासून, जिथे हानी आहे तिथे तिचे माप घेऊन, मग कृती करणे हा त्याचा व्यवहारातील अर्थ आहे.

धान्य, डाळी, तेल, साखर यांच्या व्यापारात असलेल्या आपल्या अनेक कुटुंबांना तर ही हानी सर्वांआधी दिसते. पाच किलो नेणारे गिऱ्हाईक तीन किलोंवर येते, उधारीचे पान लांबते, तेलाची बाटली लहान होते. सरकारी पाहणीचे आकडे येण्यास वर्ष लागते. दुकानाची वही महिन्याभरात बोलू लागते. पुढील वेळी आयातनिर्यातीचा एखादा निर्णय जाहीर होईल, तेव्हा आपल्या मालाचा भाव पाहून झाल्यावर वहीतील ही नावेही एकदा वाचावीत. व्यापारी संघटनेने शासनाला निवेदन धाडताना, किंवा संघाने अनुकंपादानाची दिशा ठरवताना, त्या नोंदींचा आधार घ्यावा. मदत नेमक्या कोणत्या घराला हवी आहे, हे त्यातून कळेल.

जय जिनेंद्र.