चार दिवसांचा गुलाब

साताऱ्याच्या सासूबाई मुलाकडे चंदीगडला राहायला आल्या, तेव्हा ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यांनी एक कलम आणलं होतं. माहेरच्या वाड्यातल्या लाल गुलाबाचं. ते कुंडीत लावून, रोज पाणी घालून त्यांनी जगवलं. पुढं मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी त्या साताऱ्याला परत गेल्या आणि नेमकं तेव्हाच झाडाला पहिलं फूल आलं.

सून नोकरीला कॅपिटल कॉम्प्लेक्समधल्या सचिवालयात. ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाने घडवलेल्या या काँक्रीटच्या इमारतींना २०१६ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या करड्या भिंतींत लाल फूल शोभून दिसेल, म्हणून सुनेने सकाळी घाईघाईने ते तोडलं, पर्समध्ये ठेवलं आणि टेबलावरच्या पेल्यात उभं केलं. जेवणाच्या सुटीपर्यंत गुलाबाने मान टाकली. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला, तेव्हा काय सांगावं ते तिला सुचेना.

आवारात काम करणाऱ्या म्हाताऱ्या माळीबाबांना तिने दुसऱ्या दिवशी विचारलं. ते हसून म्हणाले, "बीबीजी, फूल पाण्यावाचून नाही मेलं, हवेनं मेलं."

ते खरंच आहे. देठात पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. फूल तोडताच कापल्या जागेतून त्यांत हवा शिरते आणि मग पेलाभर पाण्यात उभं राहूनही फूल तहानलेलंच राहतं. दुसरा शत्रू म्हणजे पाण्यातले जिवाणू. बुडालेली पानं कुजली की ते वाढतात आणि नळ्यांची तोंडं बुजवतात.

महिनाभराने दुसरी कळी फुलायला आली. सासूबाई रविवारी यायच्या होत्या आणि बुधवारी बातम्यांत गारपिटीचा इशारा. झाडावर ठेवावं तर गारांनी पाकळ्या फाटणार. मग सुनेने माळीबाबांचं सांगणं एकेक करून पाळलं.

गुरुवारी पहाटे, ऊन चढण्याआधी, ती पाण्याची बादली घेऊनच कुंडीपाशी गेली. कळीखालची हिरवी दलं मागे वळली होती आणि बाहेरच्या एकदोन पाकळ्या सुटू लागल्या होत्या. गुलाब तोडायची हीच वेळ. फार घट्ट कळी तोडली तर ती न उमलताच मान टाकते. धारदार कात्रीने देठ कापून तिने लगेच बादलीत सोडला. घरात आल्यावर पाण्याखालीच देठाचं टोक बोटभर तिरपं कापलं. तिरप्या कापामुळे देठ तळाला चिकटून बसत नाही. पाण्यात बुडणारी पानं तिने काढून टाकली, वरची दोन ठेवली.

फुलदाणी साबणाने घासून घेतली होती. एक लिटर पाण्यात चहाचे दोन चमचे साखर आणि एक चमचा लिंबाचा रस घातला. साखर हे फुलाचं अन्न. लिंबाच्या आंबटपणामुळे पाणी देठात सहज चढतं आणि जिवाणूंनाही थोडा आळा बसतो. मात्र साखरेवर जिवाणूही पोसतात. म्हणून पाणी रोज बदलायचं, फुलदाणी धुवायची आणि दर दिवसाआड देठ थोडा नव्याने कापायचा.

जागाही महत्त्वाची. पंख्याखाली, उन्हाच्या खिडकीत किंवा टीव्हीजवळ फूल लवकर सुकतं. फळांच्या टोपलीजवळ तर मुळीच ठेवू नये. पिकणाऱ्या केळ्यांतून आणि सफरचंदांतून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्याने फुलं लवकर म्हातारी होतात.

इतर फुलांचे नियम थोडे निराळे. निशिगंध आणि ग्लॅडिओलसच्या दांड्या खालची एकदोन फुलं उमलू लागली की कापाव्यात. वरच्या कळ्या घरात फुलतात, खालची सुकलेली फुलं खुडत जावीत. शेवंती मात्र पुरती उमलल्यावरच काढावी, ती बरेच दिवस टिकते. जरबेराचा देठ लवकर सडतो, त्याला थोडंच पाणी पुरतं. आणि गुलाबाने मान टाकलीच, तर देठ पुन्हा कापून फुलासकट तासभर कोमट पाण्यात आडवा ठेवावा. पुष्कळदा तो सावरतो.

शुक्रवारी रात्री गारा पडल्या. कुंडीतली पानं चाळणी झाली. घरात गुलाब हळूहळू उमलत होता.

रविवारी सासूबाई आल्या. काळा चष्मा काढून त्या फुलदाणीपाशी वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"अगं सूनबाई, आमच्या वाड्यातला गुलाब एवढा लाल होता होय? मला तर गेली कित्येक वर्षं तो विटकरीच दिसायचा."

सुनेने उत्तर दिलं नाही. फुलदाणीतलं पाणी बदलायची वेळ झाली होती.