हुशार उंदराचं दुखणं

माझ्या मैत्रिणीच्या ऑफिसमधल्या खणात मेमरीच्या गोळ्यांची बाटली असते. प्रमोशनसाठी तिला एक परीक्षा द्यायचीय आणि रात्री अकराला घरी पोचून वाचलेलं सकाळी काही केल्या आठवत नाही. परवा टपरीवर कटिंग पिताना तिनं मला धरलंच. "तू सायन्सवर लिहितेस ना? मेमरी वाढवता येते की नाही, एवढंच सांग!"

येते. म्हणजे, उंदराची येते!

१९९९ मध्ये प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीत जो त्सिएन यांच्या टीमनं असे उंदीर तयार केले. मेंदूच्या पेशींवर एनएमडीए नावाचे रिसेप्टर असतात. दोन गोष्टींची सांगड घालून ती लक्षात ठेवण्यात त्यांचा मोठा वाटा. त्यांचाच एक भाग म्हणजे एनआर२बी. लहान वयात तो भरपूर असतो, पुढे कमी होत जातो. त्सिएन यांनी त्याचा जादा जीन उंदरांत घातला, तोही मेंदूच्या पुढच्या भागात काम करेल असा. झालं! हे उंदीर एकदा बघितलेली वस्तू साध्या उंदरांपेक्षा जास्त काळ ओळखायला लागले. टाकीत पाण्याखाली लपवलेला चौथरा पटकन शोधायला लागले. त्यांचं नाव ठेवलं डूगी. अमेरिकन टीव्ही सीरियलमधल्या, मिसरूड फुटायच्या वयात डॉक्टर झालेल्या पोराचं!

"मग गोळी कधी येतेय?"

"गोळी कसली? हा जीन फलित अंड्यातच घालतात, बाई. तुझी वेळ गेली!"

ती हसली. मी मात्र पुढचं सांगू की नको, अशा विचारात होते. कारण २००१ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत मिन झुओ यांच्या टीमनं एनआर२बी वाढवलेल्या उंदरांचं दुखणं तपासलं. क्षणभराचा चटका दोघांना सारखाच लागायचा. पण सूज येऊन रेंगाळणारी वेदना? ती या हुशार उंदरांना जास्त व्हायची.

हे वाचलं तेव्हा मला बाबांचा खांदा आठवला. चार वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले. हाड जुळलं, एक्स-रे एकदम क्लीन. तरी लोकलमध्ये कुणाचा जरा धक्का लागला की चेहरा पांढराफटक. "बाबा, तुम्ही उगाच लक्ष देता त्याकडे," असं मी कितीदा म्हणाले असेन! उंदरावरून थेट माणसाकडे उडी मारता येत नाही, कबूल. पण ते वाक्य मी आता म्हणत नाही.

आणि डूगीवर अन्याय नको. पिंजऱ्यात आता शॉक बसत नाही, हेसुद्धा तोच लवकर शिकायचा. भीती सोडण्यातही पहिला नंबर!

मैत्रिणीनं ग्लास खाली ठेवला. "म्हणजे गोळ्या घेऊ की नको?"

"झोप घे," मी म्हटलं. परीक्षा रविवारी आहे.