राजीनामा दिला की पैसे मिळतात

तयार कपड्यांच्या कारखान्यांबाहेर 'शिलाई कामगार पाहिजेत' असा फलक वर्षाचे बारा महिने लागलेला असतो. मालकांची तक्रारही बारमाही आहे: मुली टिकत नाहीत. त्यांना काम शिकवावे, हात बसू द्यावा आणि दोन-तीन वर्षांत राजीनामा समोर येतो. मग 'आजच्या पिढीला धीर म्हणून नाही' असे म्हणून सगळे मोकळे होतात.

पण या मुली खरोखरच चंचल आहेत का?

बंगळुरूचे उदाहरण घ्या. पीण्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रोड या भागांतल्या कारखान्यांत परदेशी दुकानांसाठी कपडे शिवले जातात. शिवणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. तिथे कुणी अख्खा शर्ट शिवत नाही. एकीकडे कॉलर, दुसरीकडे बाही, तिसरीकडे फक्त खिसा. प्रत्येक कामाचे सेकंद मोजलेले आणि तासाचे टार्गेट ठरलेले. ते चुकले की सुपरवायझरची बोलणी सर्वांसमोर ऐकावी लागतात. टार्गेट हुकेल या धास्तीने पाणी कमी प्यायचे, म्हणजे उठावे लागणार नाही, असेही अनेकींचे चालते. एवढे करून चार वर्षांनी पगार किती वाढतो? नव्याने आलेल्या मुलीपेक्षा फार थोडा, कारण दोघींचाही पगार सरकारी किमान वेतनाच्या आसपासच घुटमळतो.

अशा पगारात खोलीचे भाडे, किराणा, गावी पाठवायचे पैसे भागवून शिल्लक काय राहणार? तिची शिल्लक असते ती फक्त भविष्यनिर्वाह निधीत. पगारातून दरमहा १२ टक्के कापले जातात, मालकही आपला वाटा भरतो. बहिणीचे लग्न, मुलाच्या शाळेची फी, सावकाराचे कर्ज यांसाठी एकरकमी पैसा दिसतो तो तिथेच. आणि ती सगळी रक्कम हाती येण्याचा तिला ठाऊक असलेला मार्ग एकच: नोकरी सोडणे! म्हणजे जी शिल्लक म्हातारपणासाठी ठेवायची, तीच तरुणपणी राजीनाम्याचे कारण बनते.

हे दिल्लीतल्या अधिकाऱ्यांना २०१६ साली कळले. त्या वर्षी फेब्रुवारीत सरकारने नियम काढला की मालकाच्या वाट्याची रक्कम वयाच्या ५८व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही. १८ आणि १९ एप्रिलला बंगळुरूच्या हजारो शिलाई कामगार स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. वाहतूक ठप्प झाली, दुसऱ्या दिवशी जाळपोळही झाली. १९ एप्रिललाच सरकारला तो नियम मागे घ्यावा लागला. एरवी मान खाली घालून शिवणाऱ्या बायका एवढ्या चिडल्या, कारण हात घातला गेला होता त्यांच्या एकुलत्या एका शिल्लकेला.

मात्र वारंवार नोकरी सोडण्यात नुकसान तिचेच होते. कायम कामगाराला ग्रॅच्युइटी मिळते ती सलग पाच वर्षे भरल्यावर. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, हा तिच्या हक्काचा पैसा. चौथ्या वर्षी राजीनामा दिला की तो बुडतो आणि मालकाचा वाचतो. 'मुली टिकत नाहीत' म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

तेव्हा घरातली मुलगी किंवा सून 'नोकरी सोडते' म्हणाली, तर आधी रागावू नका, कारण विचारा. कारण पैशाचे असेल, तर नोकरीत राहूनही आजारपण, शिक्षण, लग्न यांसाठी निधीतून काही रक्कम काढता येते, हे तिला सांगा. कारखाना बदलायचा असेल, तर जुने खाते नव्या ठिकाणी वर्ग करता येते. पाच वर्षे भरायला किती महिने उरले, तेही मोजा. आणि कारण शिवीगाळीचे असेल, तर तिला 'सहन कर' असे सांगू नका.

मालकांसाठी उपाय याहून सोपा आहे. अनुभवाला पगारात किंमत द्या, माणसाशी माणसासारखे बोला. मग फाटकावरचा फलक कधी तरी उतरवता येईल.