विश्लेषण : धावपट्टी आहे, मग विमाने का टिकत नाहीत? चिपी विमानतळाचे गणित काय?

कोकणवासीयांनी वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. मुंबईहून विमान येऊ लागले आणि गणेशोत्सवात रेल्वे तिकिटासाठी होणारी धावपळ काही प्रमाणात तरी कमी होईल, अशी आशा निर्माण झाली. मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये, बरोबर तीन वर्षांनी, ‘अलायन्स एअर’ची मुंबई-सिंधुदुर्ग सेवा बंद झाली. ती नेमकी तीन वर्षांनीच का थांबली, याचे उत्तर केंद्राच्या ‘उडान’ योजनेच्या रचनेत आहे.

‘उडान’ योजना कशी चालते?

छोट्या शहरांना हवाई नकाशावर आणण्यासाठी २०१६ मध्ये ही योजना आखण्यात आली. पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्ली मार्गावर उडाले. निम्म्यापर्यंत जागा सवलतीच्या दरात विकायच्या, असे बंधन कंपनीवर असते. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासासाठी ही मर्यादा २,५०० रुपये होती. त्यातून येणारी तूट केंद्र आणि राज्य मिळून ‘व्यवहार्यता तफावत निधी’तून भरून देतात. राज्याचा वाटा साधारण २० टक्के असतो. केंद्राचा वाटा ज्या निधीतून येतो, त्यासाठी मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर अधिभार लावला जातो. हे अर्थसाह्य मात्र फक्त तीन वर्षांसाठी असते. तेवढ्यात मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, हे गृहीतक आहे.

हे गृहीतक खरे ठरले का?

बहुतेक ठिकाणी नाही. ‘कॅग’च्या २०२३ मधील अहवालानुसार योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग, म्हणजे ५२ टक्के, सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यापैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. मार्च २०२३ पर्यंत त्यातीलही ५४ मार्गच तग धरून होते. चिपीची मुंबई सेवा हा अपवाद नव्हता. देशभरातील चित्रच तसे होते.

प्रवासी वाढले की विमानसेवा टिकते का?

छोट्या विमानतळावरील प्रवासीवाढीची टक्केवारी फसवी असते. ‘एटीआर-७२’ जातीच्या विमानात साधारण ७० आसने असतात. रोज एक विमान येऊन परत गेले, तर वर्षभरात जास्तीत जास्त ५१ हजार प्रवासी होतात. दुसरे विमान सुरू झाले की क्षमता दुप्पट होते. एक बंद पडले की ती निम्म्यावर येते. म्हणजे आकड्यांतील चढ-उतार लोकांच्या मागणीपेक्षा विमानांच्या संख्येवर अधिक अवलंबून असतो. कंपनीच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा आहे : पूर्ण भाड्यात, वर्षाचे बाराही महिने, किती आसने भरतात?

चिपीपुढील अडचणी कोणत्या?

पहिली अडचण हंगामाची. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यात मागणी उसळते, तर एरवी ती ओसरते. त्यातच कोकणच्या पावसात ढग आणि कमी दृश्यमानता यांमुळे उड्डाणे रद्द होतात. एकदा-दोनदा असे झाले की चाकरमानी पुन्हा रेल्वेकडे वळतो. जून २०२३ पासून मुंबई-मडगाव ‘वंदे भारत’ कणकवलीला थांबते.

दुसरी अडचण शेजारची आहे. सिंधुदुर्गच्या सीमेला खेटून असलेला गोव्यातील मोपा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. तेथे अनेक कंपन्यांची मोठी विमाने येतात. सावंतवाडी-बांद्याच्या प्रवाशाला तोच जवळचा.

तिसरी अडचण मुंबईची. तेथील विमानतळावर उतरण्याची सोयीची वेळ मिळणे कठीण असते आणि ७० आसनी विमानापेक्षा १८० आसनी विमानाला ती वेळ देणे साहजिकच अधिक फायद्याचे ठरते.

कोल्हापूरने काय वेगळे केले?

कोल्हापूरची वाटही सरळ नव्हती. ‘उडान’खाली २०१८ मध्ये सुरू झालेली पहिली मुंबई सेवा तेथेही टिकली नाही. पण ते शहर एकाच मार्गावर विसंबून राहिले नाही. हैदराबाद, बेंगळूरु, तिरुपती असे मार्ग जोडले गेले, एकाहून अधिक कंपन्या आल्या आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई सेवा पुन्हा सुरू झाली. कारखानदार, व्यापारी आणि देवदर्शनाला जाणारे भाविक हे तिथले प्रवासी बारमाही आहेत. धावपट्टी वाढवण्यात आली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले.

पुढे काय?

चिपीतही २०२४ मध्ये ‘फ्लाय ९१’ने बेंगळूरु, हैदराबाद आणि पुणे या शहरांसाठी सेवा सुरू केली. मुंबईबाहेरच्या या मार्गांना महत्त्व आहे. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्याने वेळ मिळण्याची अडचण सुटू शकते; मात्र तेथील सोयीच्या वेळा छोट्या विमानांसाठी राखल्या गेल्या तरच. केंद्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सुधारित ‘उडान’ योजनेतून १२० नवी ठिकाणे जोडण्याचे आणि दहा वर्षांत चार कोटी प्रवाशांना लाभ देण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. पण नवी ठिकाणे जोडताना चौथ्या वर्षाचा विचार आधीच व्हायला हवा. निधी एकदम थांबवण्याऐवजी तो टप्प्याटप्प्याने कमी करणे, पावसातही विमान उतरू शकेल अशी यंत्रणा आणि विमानतळापासून कुडाळ, मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत विमानाच्या वेळेनुसार बस, हे उपाय नव्या टर्मिनलपेक्षा स्वस्त आहेत. अन्यथा उद्घाटने होत राहतील आणि तीन वर्षांनी धावपट्ट्या पुन्हा ओस पडतील.