शर्यत कधी सोडावी?

पक्षाच्या उमेदवारीत मागे पडलेल्याने माघार कधी घ्यावी? आम्हाला अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षातील दोन प्रसंग आठवतात.

१९८० साली जूनमध्येच राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्याकडे पुरेसे प्रतिनिधी जमले होते. तरी टेड केनेडी ऑगस्टच्या अधिवेशनापर्यंत अडून राहिले. नोव्हेंबरात कार्टर रेगन यांच्याकडून हरले. कारणे अनेक होती, पण घरातली फूटही त्यात होतीच.

२००८ साली हिलरी क्लिंटन यांना मार्चपासूनच ‘आता थांबा’ असे सांगितले जात होते. त्या थांबल्या नाहीत. एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनिया जिंकले. ३ जूनला शेवटच्या राज्यांनी मत दिले, ओबामांचे बहुमत झाले आणि चारच दिवसांनी हिलरींनी त्यांना जाहीर पाठिंबा दिला.

मतदान बाकी असताना लढणे म्हणजे हट्ट नव्हे. ज्यांची पाळी यायची आहे, त्यांचाही तो हक्क असतो. हिशेब संपल्यावर अडून बसणे हा मात्र हट्टच.

म्हणून वर्गात मॉनिटर निवडताना आम्ही मुलांना सांगतो : शेवटची चिठ्ठी उघडेपर्यंत उभे राहा. मग हरलात, तर पहिली मुबारकबाद तुम्हीच द्या.