कृपया खुर्चीवर बसू नये

खुर्ची बसण्यासाठी असते, हे वाक्य लिहून दाखवण्याची पाळी आपल्यावर येईल असे मला कधी वाटले नव्हते. पण दिवसच असे आले आहेत की, जिच्यावर बसता येते ती नुसती खुर्ची आणि जिच्यावर बसता येत नाही ते शिल्प! टेबलावर ठेवलेला कप जागच्या जागी राहिला तर ते टेबल. घरंगळून खाली पडला तर ती 'संग्राह्य कलाकृती'. दिव्यांचेही तेच. उजेड पडला तर दिवा, न पडला तर प्रकाशशिल्प. आणि हे काही चार हौशी लोकांचे खूळ नव्हे. मायामीला २००५ सालापासून याची रीतसर जत्रा भरते आणि तिथे श्रीमंत माणसे उभ्याने हिंडून खुर्च्या विकत घेतात.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाला यातले काय कळते? मी म्हणतो, यातले कळण्याचा पहिला हक्क कारकुनाचाच. शिल्पकार उभा राहून दगड फोडतो, चित्रकार उभा राहून रंग फासतो, समीक्षक तर पाय लावून पळत असतो. वीस वर्षे रोज दहा ते पाच खुर्चीत काढलेला माणूस या विषयातला तज्ज्ञ नव्हे, तर कोण? खुर्चीबद्दल माझ्या कमरेचा शेवटचा मणका जे मत देईल, ते पॅरिसच्या कोणत्याही पंडिताला देता येणार नाही.

माझा मेहुणा लोकांची घरे सजवून देतो. त्याने एकदा मला मार्क न्यूसन या ऑस्ट्रेलियन गृहस्थाच्या 'लॉकहीड लाउंज'चा फोटो दाखवला. ही १९८०च्या दशकातली आरामखुर्ची. आत फायबरग्लास, वरून अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आणि ते पत्रे शेकडो रिव्हेट मारून हाताने बसवलेले. एखादे विमान उन्हाने वितळून पलंगाच्या आकारात थिजावे, तसे काहीतरी दिसते. सगळे मिळून नग दहा, वर कलावंताच्या म्हणून चार प्रती. त्यातला एक २०१५ साली लंडनच्या लिलावात २४,३४,५०० पौंडांना गेला. म्हणजे तेव्हाच्या भावाने तेवीस कोटींच्या आसपास. हयात डिझायनरच्या वस्तूला तोवर एवढी किंमत कधी आली नव्हती.

"यावर बसतात कसे?" मी विचारले.

"भाऊजी, याच्याकडे खुर्ची म्हणून बघूच नका. फॉर्म म्हणून बघा."

मी बँकेत वीस वर्षे फॉर्मच बघतो आहे. एकाही फॉर्मला तेवीस कोटी आल्याचे मला आठवत नाही.

पण मी बी.कॉम. झालेला माणूस. (सेकंड क्लास. हे विचारायच्या आधीच सांगून टाकलेले बरे.) म्हणून मी या प्रकरणाकडे हिशेबाच्या बाजूने पाहिले आणि सगळा उलगडा झाला. आमच्या शास्त्रात फर्निचरवर घसारा धरतात. प्राप्तिकराच्या हिशेबात दर साल दहा टक्के, तोही उरलेल्या किमतीवर. म्हणजे खुर्ची बिचारी दरवर्षी थोडी थोडी मरते आणि शेवटी वहीत एक रुपया किंमत मिरवीत पडून राहते. घसारा कशाचा? तर वापराचा. माणूस बसतो म्हणून खुर्ची झिजते. आता माणूसच बसवला नाही तर? घसारा बंद! आणि नग आठ-दहाच काढून साचा मोडून टाकला, की किंमत खाली न जाता वर चढू लागते. या साऱ्या कलेचे मर्म एवढेच. आमच्या कोपऱ्यावरचा सुतार उद्या म्हणाला की, मी आठच खुर्च्या करणार, नववी करणार नाही, तर आपण त्याला आळशी म्हणू. तिकडे त्याला 'मर्यादित आवृत्ती' म्हणतात.

दिव्यांची तऱ्हा तर याहून मजेची. डॅन फ्लॅव्हिन नावाचा एक अमेरिकन कलावंत होता. तो दुकानात मिळणाऱ्या साध्या ट्यूबलाइटी भिंतीवर ओळीने लावी आणि ते शिल्प असे. २००६ साली लंडनच्या एका गॅलरीने त्याचे काम सुटे करून बाहेरून मागवले. कस्टमवाला म्हणाला, हे दिव्याचे सामान, पूर्ण कर भरा. गॅलरी म्हणाली, हे शिल्प, कलाकृतीचा पाच टक्केच लावा. २००८ साली तिथल्या न्यायाधिकरणाने गॅलरीच्या बाजूने निकाल दिला. २०१० साली युरोपियन कमिशनने तो फिरवला आणि हे भिंतीवरचे दिवेच, असे ठरवले. कारण काय, तर कला त्या सामानात नाही, त्यातून पडणाऱ्या उजेडात आहे! म्हणजे बटण बंद असताना माल, चालू केल्यावर कला. आमच्या जिन्यातली ट्यूब संध्याकाळी सातपासून नुसती फडफडते. तिच्यावर कोणत्या दराने कर बसवावा, हे कमिशनने स्पष्ट केलेले नाही.

तरी माझे फ्लॅव्हिनशी भांडण नाही. या उजेडात बसून पोराचा अभ्यास घ्या, असे तो कधी म्हणाला नाही. माझे भांडण दिवा म्हणून दिवा विकणाऱ्याशी आणि विकल्यावर 'उजेड कुठे आहे?' असे विचारले की गिऱ्हाइकाला अडाणी ठरवणाऱ्याशी आहे. कारण शिल्पकाराला दिवा करता येत नाही असे मुळीच नाही. इसामु नोगुची हा केवढा मोठा शिल्पकार! दगड, ब्राँझ सगळे हाताळलेला. तो १९५१ साली जपानमधल्या गिफू गावी गेला, तिथले कंदील करणारे कारागीर त्याने पाहिले आणि बांबूच्या कामट्यांवर कागद चढवून 'अकारी' नावाचे दिवे काढले. हलके, मऊ उजेडाचे, घडी घालून ठेवता येणारे. १९८६ साली व्हेनिसच्या मोठ्या प्रदर्शनात अमेरिकेतर्फे तो गेला, तेव्हाही हे कागदी दिवे त्याने शिल्पांबरोबर मांडले. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. कामट्या, खळ आणि कागद घेऊन दिवाळीच्या आदल्या रात्री आपण सगळे नोगुचीच असतो.

याच सुमारास मेहुण्याने आमच्या हिलाही एक फोटो दाखवला. डच कलावंत तेयो रेमी याने १९९१ साली केलेले कपाट. वेगवेगळ्या जुन्या कपाटांचे खण गोळा करून, प्रत्येकाला नवी पेटी करून, एकावर एक तिरपे रचून भोवती पट्टा आवळलेला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ते आहे. ही म्हणाली, "अहो, हे तर आपलंच सामान! डोंबिवलीहून ठाण्याला येताना टेम्पोत अस्संच बांधलं होतं." मेहुणा गप्प बसला. आपल्या बहिणीपुढे त्याचे कलाविषयक ज्ञान नेहमीच तोकडे पडते.

इथवर हसण्यावारी नेता येते. चंडीगढच्या खुर्चीची गोष्ट मात्र मला हसून सोडता येत नाही.

नवे शहर वसवायला ल कॉर्बुझिए आला, हे आपण शाळेत शिकलो. त्याचा चुलतभाऊ पिएर जान्नरे मात्र १९५१ ते १९६५ तिथे राहून राबला, हे आपल्याला कोणी शिकवले नाही. शहर नवे, कचेऱ्या नव्या, तेव्हा बसायला खुर्च्या हव्यात. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या योजल्या. युली चौधरी या भारतीय वास्तुशिल्पी त्यांत होत्या. इथलेच सागवान, इथलेच वेताचे विणकाम, कंपासासारखे फाकलेले पाय, इथल्याच सुतारांचे हात. अशा खुर्च्या हजारांनी झाल्या. कोणासाठी? कारकुनांसाठी! हेडक्लार्क, ग्रंथपाल, विद्यार्थी यांच्यासाठी. वेतातून वारा लागतो, पाठ ओली होत नाही, हात ठेवायला जागा आहे. कारकुनाच्या पाठीचा विचार करून कोणी मोठ्या माणसाने खुर्ची केल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. सुंदर तर ती आहेच. पण ती सुंदर दिसते ती बसणाऱ्याचा विचार केला म्हणून, त्याला उठवून लावले म्हणून नव्हे.

पुढे वेत फाटला. नवे फर्निचर आले आणि जुन्या खुर्च्या गच्चीवर, जिन्याखाली, पावसात गेल्या. मग सरकारी लिलावात भंगाराच्या भावाने विकल्या. पॅरिसच्या काही व्यापाऱ्यांनी त्या रीतसर बोली लावून उचलल्या, दुरुस्त केल्या, पॉलिश केले, आणि आज परदेशातल्या लिलावात एकेक खुर्ची लाखांत जाते. २०११ साली आपल्या गृहखात्याने विक्रीला बंदी घातली. तोवर बऱ्याच खुर्च्या साता समुद्रापार पोचल्या होत्या.

मेहुणा म्हणतो, "भाऊजी, त्यांनी नेल्या नसत्या तर त्यांचं सरपण झालं असतं." खरे आहे, आणि म्हणूनच ते जास्त झोंबते. भंगार ठरवणारा शेराही आमच्यासारख्याच कोणा कारकुनाने मारला असणार. पण आता हे ऐका. या खुर्च्यांच्या पाठीवर किंवा पायावर रंगाने आकडे आणि अक्षरे घातलेली असतात. कुठले खाते, कितवा नग. ज्याने सरकारी नोकरी पाहिली आहे त्याला हे काय ते लगेच कळेल: डेड स्टॉक रजिस्टरचा नंबर! लिलाववाले त्या नंबराचा जवळून फोटो काढून छापतात. नंबर असला तर खुर्ची अस्सल. पुसला गेला असला तर भाव कमी. म्हणजे विणकाम नवे चालते, पॉलिश नवे चालते. पण कोणा अनामिक कारकुनाने वाकून, जीभ बाहेर काढून, रंगवलेला तो वाकडातिकडा आकडा जपावा लागतो. कॅटलॉगात नाव जान्नरेचे. सुताराचे नाही, वेत विणणाऱ्याचे नाही, आकडा घालणाऱ्याचे तर नाहीच. 'मर्यादित आवृत्ती'वाले सहीला एवढा मान देतात. मग ही सही नव्हे काय? कलावंताचा वाटा वाटायचाच असेल, तर त्यातला एक कारकुनाच्या पेन्शन खात्यावर जमा व्हायला हवा.

एमी सीगल या अमेरिकन बाईंनी या खुर्च्यांवर एक चित्रपट केला आहे. तो उलटा जातो. आधी परदेशातले दिवाणखाने, मग लिलाव, मग बोटी, आणि शेवटी चंडीगढ. २०१३ साली त्यांनी तो चित्रपटही लिलावात काढला आणि तोही विकला गेला. बाईंना धंदा नेमका कळलेला आहे.

परवा मेहुणा सांगत होता, त्याच्या एका पार्टीला अशाच दोन खुर्च्या हव्या आहेत. त्याच नमुन्यावर नव्या घडवलेल्या मिळतात, त्या चालतील. दिवाणखान्यात खिडकीजवळ, समोरासमोर, वर एक झोताचा दिवा. मला जरा बरे वाटले. म्हटले, निदान कोणी तरी दोन माणसे समोरासमोर बसून चहा पितील.

"छे हो भाऊजी," तो म्हणाला, "बसायला सोफा आहे."