भयपटांची नांदी

पिशाच्चकथांच्या चित्रपटांविषयीं आमच्या सुशिक्षित वर्गांत एक मत इतकें रूढ झालें आहे कीं, त्याची फेरतपासणी करावी असें कोणास वाटेनासें झालें आहे. तें मत असें कीं, या चित्रपटांचा आरंभ म्हणजे ठराविक साच्याचा पोरखेळ होय. वादळी रात्र, कडाडणारी वीज, ओसाड वाडा, कंदील घेऊन आलेला म्हातारा रखवालदार, पुढें जाऊं नका म्हणून विनविणारे गांवकरी आणि त्यांना हंसून पुढें जाणारा शहाणा पाहुणा, एवढें साहित्य जमलें कीं भयपटाची नांदी झाली, असें हे टीकाकार म्हणतात, आणि म्हणतांना नाक मुरडतात. दुसऱ्या बाजूस, या साच्यास कंटाळलेले नवे दिग्दर्शक त्याच्या जागीं दुसराच एक साचा बसवीत आहेत, आणि त्याला मात्र नवेपणाचा मान मिळत आहे. आमचें म्हणणें या दोघांच्याहि विरुद्ध आहे. जुना साचा वाटतो तितका पोकळ नाहीं, आणि नवा साचा दिसतो तितका निरुपद्रवी नाहीं.

प्रथम जुन्या साच्याकडे वळूं. १९३१ सालीं टॉड ब्राउनिंगनें काढलेल्या ‘ड्रॅक्युला’ या बोलपटाचा आरंभ पाहा. कार्पेथियन पर्वतांतून एक घोडागाडी धांवत आहे. सूर्य मावळण्यापूर्वीं सराई गांठण्याची उतारूंना घाई झाली आहे. आणि रेनफील्ड नांवाचा प्रवासी त्याच रात्रीं पुढें जाण्याचा हट्ट धरतो, तेव्हां सराईंतील माणसें त्याला परोपरीनें विनवितात व एक स्त्री त्याला क्रूस देते. हा प्रसंग पुढें इतक्या वेळां उचलला गेला कीं, आज तो पाहतांना हंसूं यावें. पण तो इतक्यांनीं कां उचलला, हा प्रश्न हंसणाऱ्यांनीं स्वतःस कधीं विचारला आहे काय? मावळता सूर्य, शेवटची वस्ती आणि निरोपाची ताकीद या तिन्ही गोष्टी मिळून प्रेक्षकास एकच वार्ता देतात: येथें एक सीमा आहे, आणि हा मनुष्य ती ओलांडीत आहे. मनुष्यांचे नियम जेथपर्यंत चालतात तें ठिकाण आधीं दाखविल्यावांचून ते जेथें चालत नाहींत त्या ठिकाणाची भीति उत्पन्न व्हावी कशी?

आमच्या पुराणांना हें मर्म फार पूर्वींपासून ठाऊक आहे. हिरण्यकशिपूचा वध दिवसा होत नाहीं कीं रात्रीं होत नाहीं, घरांत होत नाहीं कीं बाहेर होत नाहीं. तो तिन्हीसांजेस उंबरठ्यावर होतो. अलौकिकाला प्रवेश करण्यास जागा लागते ती अशी, दोन नियमांच्या मधली. वेताळपंचविशीची मांडणीहि तशीच. राजा मध्यरात्रीं स्मशानांत जातो, प्रेत खांद्यावर घेतो, आणि त्यानें मौन राखावें अशी अट असतांना तें प्रेत त्याला गोष्ट सांगून प्रश्न विचारतें. लहानपणीं ही कथा ऐकतांना अंगावर कांटा उभा राहतो तो त्या प्रश्नामुळें. नुसतें प्रेत पाहून बालश्रोता फार तर किळस करील.

या कसोटीवर साच्यांतील बरें आणि वाईट सहज निवडतां येतें. १९४९ सालीं बॉम्बे टॉकीजनें काढलेला कमाल अमरोही यांचा ‘महल’ घ्या. त्याच्या आरंभीं टीकाकारांच्या यादींतील सर्व कांहीं आहे: वादळी रात्र, रिकामा महाल, त्या महालाची करुण कहाणी सांगणारा म्हातारा माळी. परंतु नवा मालक आंत येतो आणि भिंतीवरील जुन्या तसबिरींत त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. त्या क्षणीं ‘येथें भूत आहे काय?’ हा प्रश्न मागें पडून ‘मी कोण?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि पुढचा सारा चित्रपट त्या एका प्रश्नाचें ओझें वाहतो. साचा तोच, पण त्यांत ओतलेली धातु अस्सल. उलट, वादळ आणि वाडा यांच्या पाठीशीं कोणताच प्रश्न नसेल, तर ती केवळ नेपथ्याची खटपट होय, हें आम्हांसहि मान्य आहे.

कोणी म्हणेल, मग रात्र आणि वीज यांवांचून चालत नाहीं असें तुमचें मत दिसतें. तसें मुळींच नाहीं. स्टॅन्ले कुब्रिकच्या १९८० सालच्या ‘द शायनिंग’चा आरंभ लख्ख उजेडांत होतो. उंचावरून कॅमेरा डोंगररस्त्यानें जाणाऱ्या एका लहानशा पिवळ्या मोटारीचा पाठलाग करतो, आणि पार्श्वभूमीस ख्रिस्ती मृत्युगीताची एक प्राचीन चाल वाजत असते. काळोख नाहीं, वाडा नाहीं, रखवालदार नाहीं. तरी वस्ती मागें पडत चालली आहे हें आम्हांस कळतें, आणि मोटारींतील मनुष्यास कळत नाहीं. पोलान्स्कीच्या १९६८ सालच्या ‘रोझमेरीज बेबी’मध्यें तर आरंभीं न्यूयॉर्क शहराचीं छपरें दिसतात, एक अंगाईगीत ऐकूं येतें, आणि एक तरुण जोडपें भाड्यानें जागा पाहावयास येतें. म्हणजे साच्याचा प्राण अंधारांत नसून सीमेंत आहे. तो ज्यांना सांपडला त्यांना अंधाराची गरज पडली नाहीं.

आतां नव्या साच्याचा विचार करूं. त्याचें वर्णन करणें सोपें आहे, कारण तो जुन्याहून अधिक ठराविक आहे. रात्रीची वेळ, घरांत एकटी तरुणी, कसला तरी आवाज, ती आवाजाच्या दिशेनें जाते, दिवा विझतो, क्षणभर शांतता, मग एकाएकीं एक विद्रूप मुखवटा, कानठळ्या बसविणारा नाद, किंकाळी आणि चित्रपटाचें नांव. त्यानंतर दुसरेंच कुटुंब, दुसरेंच घर. आणि मेलेल्या त्या मुलीचें नांव पुन्हां कोणी काढीत नाहीं. पांच मिनिटांत एक बळी, असा हा हिशेब आहे. हल्लींचा प्रेक्षक उतावळा आहे, त्याला लगेच हादरा दिला नाहीं तर तो उठून जाईल, असें याचें समर्थन करण्यांत येतें.

या समर्थनांत दोन दोष आहेत. पहिला असा कीं, तें वस्तुस्थितीस धरून नाहीं. १९७३ सालच्या ‘द एक्झॉर्सिस्ट’चा आरंभ उत्तर इराकमधील एका उत्खननाच्या जागीं होतो. तेथें एक वृद्ध धर्मगुरु मातींतून निघालेली लहानशी मूर्ति पाहतो, बोलत फारसें नाहीं, आणि शेवटीं एका राक्षसी पुतळ्यासमोर उभा राहतो. दहाएक मिनिटें हें चालतें. ना बळी, ना किंकाळी. तरी त्या चित्रपटाला लोटलेली गर्दी चित्रपटांच्या इतिहासांत नमूद आहे. आमच्याकडील उदाहरण हवें असेल तर राही अनिल बर्वे यांचा २०१८ सालचा ‘तुंबाड’ घ्यावा. भाषा हिंदी, पण माती कोंकणची. त्याचा आरंभ एका कथनानें होतो: बाप मुलाला समृद्धीची देवता आणि तिचा लोभी पुत्र हस्तर यांची गोष्ट सांगतो. प्रथम प्रदर्शनांत या चित्रपटास बेताचेंच यश मिळालें. पण २०२४ सालीं तो चित्रगृहांत पुन्हां आला तेव्हां पहिल्या खेपेहून अधिक उत्पन्न त्यानें मिळविलें. उतावळा म्हणून ज्याची निंदा होते तो प्रेक्षक सहा वर्षांनीं परत आला, आणि नव्यानें गोष्ट ऐकत बसला.

दुसरा दोष अधिक खोल आहे. आरंभींच पिशाच्च दाखविलें म्हणजे प्रेक्षकाच्या संशयाचा अंत होतो. पुढें नायिका ‘मला कोणी तरी दिसलें’ म्हणते आणि नवरा ‘तुला भास झाला’ म्हणतो, तेव्हां हा वाद ज्याच्यासमोर चालावयाचा त्या प्रेक्षकानें निकाल आधींच वाचलेला असतो. मग नवरा केवळ मूर्ख ठरतो, आणि अर्धा चित्रपट मूर्खास शहाणपण येण्याची वाट पाहण्यांत जातो.

येथें इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यासक आम्हांस थांबवील आणि म्हणेल कीं, ‘हॅम्लेट’च्या पहिल्याच प्रवेशांत शेक्सपिअरनें भूत रंगभूमीवर आणलें आहे, त्याचें काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरानें आमचाच पक्ष बळकट होतो. मध्यरात्रीं पहारा बदलत आहे; आणि ओळख विचारतो तो पहाऱ्यावरचा शिपाई नव्हे, तर नव्यानें येणारा. रीत उलटी झाली आहे, म्हणजे भीति भुताच्या आधींच येऊन उभी आहे. होरेशिओ या सर्वांस कल्पनेचा खेळ समजतो. मग भूत येतें तें मुक्यानें. कांहीं सांगत नाहीं, कोणास मारीत नाहीं, कोंबडा आरवतांच निघून जातें. तें कोणाचें, कशासाठीं आलें, खरें बोलेल कीं फसवील, हे सारे प्रश्न तें मागें ठेवून जातें. पिशाच्च लवकर दिसावें कीं उशिरा, हा वाद आम्ही घालीत नाहीं. तें उत्तर म्हणून येतें कीं प्रश्न म्हणून, एवढेंच आम्ही पाहतों.

आरंभीं बळी घेण्यासहि आमची सरसकट हरकत नाहीं. हिदेओ नाकाता यांच्या १९९८ सालच्या ‘रिंगु’ या जपानी चित्रपटांत पहिल्याच प्रसंगांत एक शाळकरी मुलगी मरते. परंतु ती कोणाची तरी आहे. कथेंतील वार्ताहर स्त्रीची ती भाची, आणि त्या मृत्यूचा शोध हीच पुढची कथा होते. आमच्याकडील रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ची (१९८४) सुशिक्षितांनीं यथेच्छ टवाळी केली आहे, पण त्याची नांदी न्यायबुद्धीनें पाहावी. दोनशें वर्षांपूर्वीं सामरी नांवाच्या नराधमास राजा शिक्षा देतो, आणि मरतांना तो राजवंशांतील प्रत्येक स्त्री प्रसूतीच्या वेळीं मरेल असा शाप देतो. सगळें आधींच सांगून टाकलें आहे, हें खरें. तथापि हें ज्ञान वायां जात नाहीं. पुढें त्या वंशांतील ठाकूर मुलीच्या प्रेमास विरोध करतो, तेव्हां त्या कठोर बापाच्या पोटांतलें भय आम्हांस ठाऊक असतें आणि मुलीस ठाऊक नसतें. ओबडधोबड असेल, पण ती प्रेक्षकाशीं प्रामाणिक आहे. किंमती कॅमेऱ्यानें टिपलेल्या अनामिक मुलीच्या मरणाहून आम्ही तिला वरचें स्थान देतों.

येथवर वाद कलेचा होता. यापुढें जो दोष सांगावयाचा आहे तो केवळ कलेचा राहत नाहीं. ‘सत्य घटनेवर आधारित’ ही पाटी आतां भयपटाच्या नांदीचा अविभाज्य भाग होऊन बसली आहे. हिचें कूळ जुनें आहे. होरेस वॉलपोलनें १७६४ सालीं ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ प्रसिद्ध केली ती जुन्या इटालियन ग्रंथाचें भाषांतर म्हणून. पण दुसऱ्याच आवृत्तींत आपण कर्ते असल्याचें त्यानें कबूल केलें. आजच्या पाटीला दुसरी आवृत्ति नसते. १९७९ सालचा ‘द ॲमिटीव्हिल हॉरर’ एका खऱ्या हत्याकांडानें सुरू होतो; त्या आधारावर उभारलेली पिशाच्चबाधेची कहाणी मात्र मद्याच्या बाटल्या रिकाम्या करतां करतां रचली गेली, असें त्या हत्याकांडाच्या खटल्यांतील वकिलानेंच पुढें सांगितलें. २०१३ सालचा ‘द कॉन्ज्युरिंग’ही सत्यतेची ग्वाही देतच सुरू होतो. त्याच्या आरंभींच्या बाहुलीच्या प्रकरणाचा मुख्य कथेशीं संबंध नाममात्र आहे, आणि पुढच्याच वर्षीं त्या बाहुलीवर स्वतंत्र चित्रपट निघाला. म्हणजे नांदी दुसऱ्या खेळाची जाहिरात ठरली!

कोणी म्हणेल, हा एक खेळ आहे, प्रेक्षक तो जाणतो. सर्वत्र जाणतो काय? याच २०१३ सालीं, २० ऑगस्ट रोजीं, अंधश्रद्धेविरुद्ध जन्मभर झगडणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यांत गोळ्या घालून हत्या झाली, आणि त्याच वर्षाअखेर महाराष्ट्रानें जादूटोणा व अघोरी प्रथा यांना प्रतिबंध करणारा कायदा मंजूर केला. त्या कायद्याची अनुसूची वाचावी. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं मारहाण करणें, साखळीनें बांधणें, मिरचीची धुरी देणें, हे प्रकार तींत एकेक करून लिहावे लागले. कारण ते घडत होते. ज्या समाजांत आजारी स्त्रीच्या अंगांतलें भूत काढण्यासाठीं तिला खरोखरच बांधलें जातें, तेथें पडद्यावर मुलीला खाटेस बांधून तें दृश्य सत्य म्हणून दाखविणें हा खेळ कसा? आणि याहून मौजेची गोष्ट ही कीं, आमच्याकडे त्याच पडद्यावर आधीं ‘अंधश्रद्धेस उत्तेजन देण्याचा हेतु नाहीं’ अशी पाटी येते, आणि तिच्या पाठोपाठ सत्यतेची शपथ येते. दोहोंपैकीं एक पाटी खोटी असलीच पाहिजे.

आमच्या जुन्या रंगभूमीनें या बाबतींत उत्तम शिस्त घालून दिली होती. नांदी झाली कीं सूत्रधार पुढें येई, नाटकाचें व नाटककाराचें नांव सांगे, आणि मगच खेळ सुरू होई. हें नाटक आहे हें कळल्यामुळें कोणाचा रस कमी झाला नाहीं. उलट, तें कळल्यामुळेंच प्रेक्षक निर्धास्तपणें रडूं आणि भिऊं शकला. भयाचा आनंद हा या विश्वासाचा आनंद आहे. भयपट काढणाऱ्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, वादळ आणा, वाडा आणा, वाटल्यास म्हातारा रखवालदारहि आणा, त्याबद्दल आम्ही नाक मुरडणार नाहीं. पण आरंभीं मारलेल्या माणसाला नांव द्या, त्याच्या मरणाचा हिशेब शेवटपर्यंत चुकवा, आमचा संशय आमच्यापाशीं राहूं द्या, आणि खोटी शपथ घेऊं नका. टीकाकारांनींहि रात्र आणि वीज मोजण्याचें सोडून यापुढें याच गोष्टींचा जाब त्यांना विचारावा.